डॅनियल लेव्ही : २४ वर्षं, एक भव्य स्टेडियम, दोन ट्रॉफ्या, टॉटनहॅमच्या चाहत्यांनी आपल्या चेअरमनला कसं तोललं?

२१ मे २०२५ ची रात्र. स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात युरोपा लीगची फायनल सुरू होती. टॉटनहॅम हॉटस्पर, म्हणजे चाहत्यांचा लाडका 'स्पर्स', मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवतो आणि १७ वर्षांनंतर एखादी ट्रॉफी उचलतो. आजवर रिकाम्या हाताने घरी जायची सवय लागलेले लोक त्या रात्री ढसाढसा रडले.

आता याच मोसमाची दुसरी बाजू. प्रीमियर लीगमध्ये स्पर्स २० संघांत १७ वा आला. ३८ पैकी २२ सामने हरला. फायनलनंतर १६ दिवसांनी ट्रॉफी जिंकून देणारे मॅनेजर अँज पोस्टेकोग्लू यांना काढून टाकण्यात आलं. आणि ४ सप्टेंबर २०२५ ला, ज्यांनी इतक्या मॅनेजरना घरी पाठवलं होतं, ते चेअरमन डॅनियल लेव्ही स्वतःच पायउतार झाले. जवळपास २५ वर्षांनी.

एवढा काळ एकाच माणसाच्या हातात क्लब असेल तर त्याचं मूल्यमापन सोपं असायला हवं. प्रत्यक्षात स्पर्सच्या चाहत्यांमध्ये याच एका विषयावर वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत. एकाच घरातला बाप म्हणतो, "या माणसाने क्लब उभा केला." मुलगा म्हणतो, "या माणसाने क्लब विकला." गंमत म्हणजे दोघांकडे आकडे आहेत, आणि दोघांचेही आकडे खरे आहेत.

आधी 'चेअरमन' हा शब्द नीट समजून घेऊ

आपल्याकडे चेअरमन म्हटलं की हाउसिंग सोसायटीचा किंवा साखर कारखान्याचा चेअरमन डोळ्यांसमोर येतो. तो कितीही वजनदार असला तरी ठरावीक वर्षांनी त्याला सभासदांपुढे मतं मागावी लागतात. इंग्लंडमधल्या बहुतेक मोठ्या फुटबॉल क्लबांत तसं नाही. तिथे क्लब ही कंपनी असते. चाहता सीझन तिकीट काढतो, जर्सी घेतो, तीन पिढ्या त्याच स्टँडमध्ये बसतात. पण मत शून्य.

हे सगळीकडे असंच असतं असंही नाही. रिअल माद्रिद आणि बार्सिलोनाचे सभासद आपला अध्यक्ष निवडतात. जर्मनीत '५० अधिक १' हा नियम आहे, त्यामुळे काही जुने अपवाद सोडले तर क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच राहतात. इंग्लंडमध्ये मात्र चेअरमनबद्दल मत द्यायचं तर घोषणा, बॅनर, मोर्चे आणि रिकाम्या खुर्च्या एवढीच साधनं उरतात.

लेव्हींचा जन्म १९६२ चा. केंब्रिजमध्ये त्यांनी लँड इकॉनॉमी, म्हणजे जमीन आणि मालमत्तेचं अर्थशास्त्र, शिकून घेतलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो. २००१ मध्ये उद्योगपती अ‍ॅलन शुगर यांच्याकडून एनिक या गुंतवणूक कंपनीने क्लबचा ताबा घेतला आणि लेव्ही चेअरमन झाले. एनिकमागचा मोठा पैसा अब्जाधीश जो लुईस यांचा. एनिकमध्ये लेव्ही कुटुंबाचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लेव्ही निव्वळ पगारी अधिकारी नव्हते आणि एकटे मालकही नव्हते. पण चाहत्यांच्या नजरेत चेहरा एकच होता.

लेव्हींच्या आधी स्पर्स कुठे होता?

१९६१ मध्ये लीग आणि एफए कप एकाच मोसमात जिंकणारा हा क्लब. १९६३ मध्ये युरोपियन चषक स्पर्धा जिंकणारा पहिला ब्रिटिश संघ. क्लबचं ब्रीदच सांगतं की धाडस करणं म्हणजेच करून दाखवणं. त्यामुळे इथल्या जुन्या चाहत्याला नुसतं जिंकून भागत नाही, देखणं जिंकायचं असतं.

पण १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून २००१ पर्यंत स्पर्सचा सर्वोत्तम क्रमांक होता सातवा. शुगर यांच्या दशकभराच्या काळात मोठी ट्रॉफी आली ती एक, १९९९ चा लीग कप.

लेव्हींच्या काळात क्लब सात वेळा पहिल्या चारांत आला. २०१६-१७ मध्ये तर दुसरा. २०१० मध्ये हॅरी रेडनॅप यांच्या संघाने पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळवलं. १ जून २०१९ ला माद्रिदमध्ये स्पर्स चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला आणि लिव्हरपूलकडून ०-२ ने हरला. ज्यांनी नव्वदच्या दशकातला मधल्या क्रमांकांवर रेंगाळणारा संघ पाहिला होता, त्यांच्यासाठी फायनलपर्यंत पोहोचणं हीच मोठी गोष्ट होती. लेव्हींची बाजू घेणारे बरेच चाहते याच वयाचे का असतात, ते इथे कळतं.

जमिनीचं गणित शिकलेला माणूस

जुनं व्हाइट हार्ट लेन मैदान जेमतेम ३६,००० प्रेक्षकांचं. उत्तर लंडनमधलाच कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनल २००६ मध्ये ६०,००० च्या नव्या स्टेडियममध्ये गेला, तेव्हा ही तफावत आणखी बोचू लागली.

लेव्हींनी एक वेळ अशीही आणली होती की क्लब टॉटनहॅम सोडून पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डच्या ऑलिम्पिक स्टेडियमकडे जाणार होता. चाहत्यांच्या मोठ्या गटाने तेव्हा कडाडून विरोध केला. २०११ मध्ये त्या शर्यतीत वेस्ट हॅमची सरशी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टॉटनहॅममध्ये दंगल उसळली, दुकानं जळली. अशा गरीब, दुर्लक्षित भागातच, जुन्या मैदानाच्या जागेवर, नवं स्टेडियम उभं राहिलं. आज जे लेव्हींचं सगळ्यात मोठं काम म्हणून सांगितलं जातं, ते तिथेच झालं यात चाहत्यांच्या विरोधाचाही वाटा आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

३ एप्रिल २०१९ ला क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या सामन्याने हे स्टेडियम सुरू झालं. पहिला गोल दक्षिण कोरियाच्या सोन ह्युंग-मिनचा. ६२,८५० आसनं. दक्षिणेकडचा एकसलग स्टँड १७,५०० लोकांचा. खर्च शंभर कोटी पौंडांच्या घरात. फुटबॉलचं गवत तीन भागांत विभागून याच स्टँडखाली सरकतं आणि त्याखाली अमेरिकन फुटबॉलसाठीचं वेगळं मैदान तयार असतं. तिथे एनएफएलचे सामने होतात, बॉक्सिंगच्या लढती होतात, बियॉन्सेचे कार्यक्रम होतात. बिअरचा ग्लास तर तळातून भरतो! या ग्लासावरून प्रतिस्पर्धी चाहते आजही स्पर्सवाल्यांची टर उडवतात: कपाट रिकामं, पण ग्लास भारी.

पैशांच्या बाबतीत मात्र टर उडवण्यासारखं काही नाही. २०२२-२३ मध्ये क्लबचं उत्पन्न जवळपास ५५ कोटी पौंडांवर गेलं. स्टेडियमच्या कर्जातला मोठा भाग कमी व्याजावर आणि सरासरी वीसपेक्षा जास्त वर्षांच्या मुदतीत बसवलेला. तेलसंपन्न देशाचा किंवा रशियन अब्जाधीशाचा पैसा पाठीशी नसताना हे करून दाखवणं सोपं नव्हतं.

मग भांडण कशावरून?

भांडण आहे ते या पैशाचं पुढे काय झालं यावरून.

२०१८ चा उन्हाळा घ्या. मॉरिसिओ पोचेटिनो यांचा संघ सलग तीन वर्षं पहिल्या तिघांत आला होता. हॅरी केन, सोन, क्रिस्टियन एरिक्सन, सगळे भरात. अजून दोन-तीन चांगले खेळाडू आले तर हा संघ लीग जिंकेल असं वाटत असताना क्लबने त्या उन्हाळ्यात एकही खेळाडू घेतला नाही. ट्रान्सफर विंडोची पद्धत सुरू झाल्यापासून प्रीमियर लीगच्या एकाही क्लबने उन्हाळ्यात असं केलं नव्हतं. जानेवारीतही कुणी आलं नाही. तोच थकलेला संघ ओढत-ओढत माद्रिदच्या फायनलला पोहोचला. पुढच्या नोव्हेंबरमध्ये पोचेटिनो यांनाच नारळ मिळाला.

स्टेडियम बांधायचं होतं म्हणून संघ थांबला, की संघ थांबल्यामुळे स्टेडियमला साजेसं यश आलं नाही? स्पर्सच्या चाहत्यांमधलं निम्मं भांडण या एका उन्हाळ्याभोवती फिरतं.

लेव्ही सौदा करण्यात पक्के. मँचेस्टर युनायटेडचे सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी त्यांच्याशी केलेल्या वाटाघाटी स्वतःच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेहून त्रासदायक होत्या, असं लिहून ठेवलं आहे. मायकल कॅरिक, दिमितार बर्बातोव्ह, लुका मॉड्रिच हे सगळे गेले ते चांगली किंमत देऊन. २०१३ मध्ये गॅरेथ बेल रिअल माद्रिदला गेला तेव्हा सुमारे साडेआठ कोटी पौंडांचा जागतिक विक्रम झाला. त्या उन्हाळ्यात नवे सात खेळाडू आले. त्यांतला खऱ्या अर्थाने चमकला तो एरिक्सन.

विकताना पै-पै वसूल करणारा माणूस विकत घेतानाही तशीच घासाघीस करतो. मग शेवटच्या दिवसापर्यंत ताणलेले सौदे, कधी हुकलेले खेळाडू. २०२३-२४ मध्ये पगारांवरचा खर्च उत्पन्नाच्या साधारण ४२ टक्के होता. प्रीमियर लीगमध्ये हे प्रमाण सर्वात कमी. लेखापालासाठी ही शिस्त आहे. चाहत्यासाठी हा पुरावा आहे, की पैसा होता पण मैदानावर उतरला नाही.

आणि मग हॅरी केन. क्लबच्या अकादमीतून आलेला पोरगा, २८० गोल, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक. ट्रॉफी एकही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तो बायर्न म्युनिकला गेला. मे २०२५ मध्ये त्याने जर्मन लीग जिंकली, कारकिर्दीतली पहिली मोठी ट्रॉफी. त्याच महिन्यात त्याचा जुना क्लब त्याच्याशिवाय बिल्बाओत जिंकला. नियतीचा विनोद म्हणावा तर फारच बोचरा.

मॅनेजरांची रांग

२०२५ च्या सुरुवातीला स्टेडियममध्ये एक बॅनर झळकला. मजकूर साधा हिशेबाचा: २४ वर्षं, १६ मॅनेजर, १ ट्रॉफी, आता बदल हवा. (दुसरी ट्रॉफी तेव्हा यायची होती. पहिली २००८ चा लीग कप.)

चाहत्यांची तक्रार मॅनेजर बदलण्यापेक्षा त्या बदलांना दिशा नसण्याची जास्त आहे. पोचेटिनो तरुणांना घडवणारे. त्यांच्या जागी दुसऱ्याच दिवशी जोझे मोरिन्यो, जे तयार खेळाडू मागतात. नंतर नुनो एस्पिरितो सांतो, ते १७ सामन्यांत बाहेर. मग अँटोनियो काँटे, मोठ्या मागण्यांसाठी प्रसिद्ध. मग सतत आक्रमण करणारे पोस्टेकोग्लू. प्रत्येकाला वेगळ्या प्रकारचे खेळाडू लागतात, आणि आधीच्याने घेतलेले पुढच्याला नको असतात.

एप्रिल २०२१ मधला प्रकार तर स्पर्सवाले कधीच विसरणार नाहीत. २५ एप्रिलला लीग कपची फायनल. १८ एप्रिलला क्लब वादग्रस्त युरोपियन सुपर लीगमध्ये जात असल्याची घोषणा. १९ एप्रिलला मोरिन्यो बाहेर. २० एप्रिलला सुपर लीगमधून माघार. फायनलला संघ घेऊन गेला २९ वर्षांचा रायन मेसन, आणि मँचेस्टर सिटीने १-० ने हरवलं. एका आठवड्यात इतकं सगळं.

मार्च २०२३ मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध ३-१ ची आघाडी घालवल्यावर काँटे पत्रकार परिषदेत भडकले. खेळाडूंवर आगपाखड करता करता त्यांनी हेही सुनावलं की वीस वर्षं मालक तोच आहे आणि जिंकलं काही नाही. आठवडाभरात तेही गेले. बरेच चाहते मात्र म्हणत राहिले, माणूस बोलला ते खोटं कुठे होतं?

पैशापलीकडची जखम

हरणं चाहते सहन करतात. स्पर्सचे तर विशेष. पण काही निर्णय त्यांना वैयक्तिक लागले.

मार्च २०२० च्या अखेरीस, कोव्हिडच्या सुरुवातीला, क्लबने सुमारे ५५० बिगर-खेळाडू कर्मचाऱ्यांच्या पगारात २० टक्के कपात जाहीर केली आणि काहींसाठी सरकारी मदत योजना वापरायचं ठरवलं. स्वतः लेव्ही तेव्हा प्रीमियर लीगमधल्या सर्वाधिक पगार घेणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एक. चाहत्यांच्या संघटनेने, टॉटनहॅम हॉटस्पर सपोर्टर्स ट्रस्टने, दबाव वाढवला आणि दोन आठवड्यांत निर्णय मागे घ्यावा लागला.

मार्च २०२४ मध्ये सीझन तिकीट ६ टक्क्यांनी महागलं. त्याहून जास्त झोंबली ती ज्येष्ठांच्या सवलतीला लावलेली कात्री. साठ-सत्तर वर्षांपूर्वी वडिलांचं बोट धरून मैदानात आलेली माणसं ही. बऱ्याच जणांचा आठवड्यातला माणसांत मिसळायचा तो एकच दिवस. 'सेव्ह अवर सीनिअर्स' नावाची मोहीम सुरू झाली आणि तिच्यात तरुणही उतरले. हा क्लब नेमका कुणाचा, हा प्रश्न ट्रॉफीच्या कपाटासमोर जितका पडला नसेल तितका या तिकीट खिडकीपाशी पडला.

फुटबॉल आधी की धंदा आधी, या आरोपाला धार आली ती अशा निर्णयांमुळे.

लेव्हींच्या बाजूने बोलणारं एक सबळ उदाहरण

विरोधक नेहमी एक यादी वाचतात. २००८ ते २०२५ दरम्यान, म्हणजे स्पर्सच्या दोन ट्रॉफ्यांच्या मधल्या काळात, कोण-कोण जिंकलं? बर्मिंगहॅम, स्वान्सी, विगन, लेस्टर (तेही थेट लीग), आणि २०२५ च्या वसंतात न्यूकॅसल आणि क्रिस्टल पॅलेस. यातल्या कित्येकांचं उत्पन्न स्पर्सच्या जवळपासही नाही.

यादी खरी आहे. पण तिचं पुढचं पानही वाचायला हवं. बर्मिंगहॅम २०११ मध्ये लीग कप जिंकला आणि त्याच मोसमात खालच्या श्रेणीत गेला. विगनचं २०१३ मध्ये एफए कपनंतर काही दिवसांत तेच झालं. लेव्ही आले त्या २००१ मध्ये लीड्स चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. ऐपतीपलीकडे खर्च करून तो २००४ मध्ये प्रीमियर लीगमधून बाहेर पडला आणि परतायला १६ वर्षं लागली. पोर्ट्समथ २००८ मध्ये एफए कप जिंकला, दोन वर्षांत दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला आणि २०१३ पर्यंत चौथ्या श्रेणीत. शेवटी चाहत्यांनीच पैसे जमवून क्लब वाचवला.

पोर्ट्समथच्या चाहत्याला विचारलं तर तो कदाचित तो कप परत देणार नाही. पण स्पर्सच्या चाहत्याला गेल्या २४ वर्षांत क्लब बुडेल या भीतीने झोप उडाली, असं एकदाही झालं नाही. ही सुरक्षितता दिसत नाही, तिच्यासाठी मिरवणूक निघत नाही, म्हणून ती मोजायची राहून जाते.

तरीही हा बचाव अर्धाच आहे. दिवाळखोरी आणि कंजुषी यांच्या मध्ये बरीच मोकळी जागा असते. आर्सेनलनेही स्टेडियम बांधलं, खेळाडू विकले, हात आखडता घेतला. पण नव्या घरात आल्यावर २०१४ ते २०२० या काळात चार एफए कप जिंकले. लिव्हरपूल लीग जिंकलं ते नेमके कुठले खेळाडू हवेत हे ठरवून, मोक्याच्या जागी घसघशीत पैसा मोजून. लेव्हींनी उधळपट्टी केली नाही, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. संघ तयार असताना, पैसा लावायची वेळ आली असतानाही त्यांनी हात आखडला, हा दोषही त्यांच्याच खात्यात जातो. स्टेडियमच्या बाबतीत हा माणूस वीस वर्षांपुढचं बघत होता. संघाच्या बाबतीत मात्र पुढच्या मॅनेजरपुढचं बघितलेलं फारसं दिसत नाही.

जाण्याने काय बदललं?

क्लबने लेव्ही पायउतार झाल्याचं जाहीर केलं. ब्रिटिश माध्यमांच्या बातम्यांनुसार हा निर्णय लुईस कुटुंबाचा होता. पीटर चॅरिंग्टन बिगर-कार्यकारी चेअरमन झाले. रोजचा कारभार सीईओ विनय वेंकटेशम यांच्याकडे, जे आधी चक्क आर्सेनलमध्ये होते.

वर्षानुवर्षं "लेव्ही आऊट" म्हणणाऱ्यांना मागितलेलं मिळालं. पण काही दिवसांतच क्लब विकत घेण्याच्या चर्चा सुरू झाल्या आणि एनिकने स्पष्ट केलं की क्लब विकायला काढलेला नाही. म्हणजे चेअरमन बदलला, मालक तेच. इतकी वर्षं ज्या खुर्चीवर सगळा राग निघत होता, तिच्यामागे आणखी एक खुर्ची होती.

दरम्यान इंग्लंडमध्ये नियमही बदलत आहेत. सुपर लीगच्या वादानंतर माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली चाहत्यांच्या बाजूने फुटबॉलच्या कारभाराचा आढावा घेतला गेला. त्यातून पुढे आलेला फुटबॉल गव्हर्नन्स कायदा जुलै २०२५ मध्ये मंजूर झाला, लेव्ही जाण्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी. स्वतंत्र नियामक आला. मैदान विकणं, क्लबचं बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलणं यांवर चाहत्यांचं म्हणणं क्लबांना विचारात घ्यावं लागणार आहे. चेअरमन कोण असावा, यावर मात्र अजूनही मत नाही.

आणखी एक छोटी गोष्ट. प्रायोजकाचं नाव स्टेडियमला देऊन कोट्यवधी पौंड मिळवायचे, असा बेत पहिल्यापासून होता. लेव्ही गेले तेव्हा स्टेडियम सुरू होऊन सहा वर्षं उलटली होती. एवढ्या पट्टीच्या सौदागराला हवी ती किंमत देणारा कुणी भेटला नाही. पाटीवर अजून 'टॉटनहॅम हॉटस्पर स्टेडियम' एवढंच लिहिलेलं होतं. बऱ्याच चाहत्यांना ते तसंच आवडतं.